आधी त्याचे ऐकून घ्या



तीन आठवड्यांपूर्वी रविवारच्या मिस्सानंतर आपल्या चर्चच्या फाटकाजवळ, चिंचेखाली, एक फेरीवाला चादरी आणि मच्छरदाण्या विकत बसला होता. तुमच्यापैकी पुष्कळांनी त्याला पाहिले असेल. दोन-तीन वर्षांपासून तो थंडी संपता संपता आपल्या भागात येतो. सायकलवर गठ्ठा बांधलेला असतो, हप्त्यानेही माल देतो. त्या दिवशी आपल्याच तीन-चार तरुणांनी त्याला आधार कार्ड मागितले. त्याने दाखवले. पत्ता मालदा जिल्ह्याचा होता. तेव्हा त्यांच्यातला एक म्हणाला, आधार काय, कोणीही काढतो, आधार म्हणजे नागरिकत्व नव्हे. (ही गोष्ट कायद्याने खरीच आहे. आधार कायद्यातच तसे म्हटले आहे. पण ती त्या तरुणाच्या स्वतःच्या खिशातील आधारलाही तितकीच लागू होते, हे त्याच्या ध्यानात आले नाही.) संध्याकाळी त्या माणसाचा फोटो आपल्या धर्मग्रामाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला. खाली लिहिले होते की हा बांगलादेशी आहे, सावध राहा, पोलिसांना कळवा.

त्या ग्रुपमध्ये मीही आहे. मी तो फोटो पाहिला आणि दोन दिवस काहीच लिहिले नाही. मनात म्हटले, पोलीस काय ते पाहून घेतील, धर्मगुरूने यात कशाला पडावे? तिसऱ्या दिवशी मी तो फोटो काढून टाकायला सांगितला, पण तोपर्यंत तो कितीतरी दुसऱ्या ग्रुपवर जाऊन पोहोचला होता. तो माणूस त्यानंतर आपल्याकडे दिसलेला नाही. गावी परतला, दुसऱ्या तालुक्यात गेला की त्याला कोणी नेले, मला माहीत नाही.

हे मी त्या तरुणांना दोष देण्यासाठी लिहीत नाही. ते माझ्याच धर्मशिक्षणाच्या वर्गात बसलेले मुलगे आहेत. त्यांना मी काय शिकवायचे राहून गेलो, हा प्रश्न माझा मलाच पडला. सध्या प्रायश्चित्तकाळ चालू आहे. पवित्र शुक्रवारी आपण प्रभूच्या दुःखसहनाची कथा ऐकू. रात्री पकडलेल्या, रात्रीच चौकशीला उभ्या केलेल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत क्रुसावर चढवलेल्या माणसाची ती कथा आहे. इतकी घाई कशासाठी होती, हे दर वर्षी ऐकूनही आपण फारसे विचारत नाही.

देवाने आधी विचारले

उत्पत्तीचे पुस्तक उघडा. आदामाने फळ खाल्ले. देव सर्वज्ञ आहे, त्याला काय घडले ते ठाऊक होते. तरीही तो बागेत येतो, आदामाला हाक मारून तू कुठे आहेस म्हणून विचारतो, तू नग्न आहेस हे तुला कोणी सांगितले म्हणून विचारतो. आदामाचे ऐकतो, मग स्त्रीचे ऐकतो. (सापाला मात्र काहीच विचारलेले नाही. शास्त्राच्या अभ्यासकांनी यावर पुष्कळ लिहिले आहे.) पुढे काईन भावाला ठार मारतो, तेव्हाही देव आधी विचारतो की तुझा भाऊ कुठे आहे. सदोम नगरीविरुद्धचा आक्रोश देवाच्या कानी आला, तेव्हा तो अब्राहामाला सांगतो की मी स्वतः खाली जाऊन पाहीन, ऐकले ते खरे आहे की नाही. देवाला चौकशीची गरज नव्हती. पण ज्याचा निवाडा करायचा त्याचे आधी ऐकायचे, हा शिरस्ता त्याने स्वतःसाठी पाळला.

हा विचार चर्चच्या भिंतीआड राहिलेला नाही. १७२३ साली इंग्लंडमध्ये एक खटला चालला. केंब्रिज विद्यापीठाने बेंटली नावाच्या विद्वानाच्या पदव्या त्याचे म्हणणे न ऐकताच काढून घेतल्या होत्या. त्या खटल्यात एका न्यायाधीशाने सांगितले की खुद्द देवानेही आदामाला बोलू दिल्याशिवाय शिक्षा सुनावली नाही. पदव्या परत मिळाल्या. आपल्या देशातील न्यायालयेही नैसर्गिक न्यायाविषयी बोलताना या खटल्याची आठवण काढतात.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांचे संशयाविषयीचे विवेचन आम्हाला अभ्यासाला होते. तेव्हा ते मला कोरडे वाटले होते, आता वाटत नाही. किरकोळ खुणांवरून दुसऱ्याविषयी वाईट ठरवून टाकणे याला ते अविचारी निवाडा म्हणतात आणि त्याला अन्याय मानतात. मग ते एक आक्षेप घेतात. सगळ्यांविषयी चांगलाच विचार केला तर आपण वारंवार फसणार नाही का? त्यांचे उत्तर असे की वाईट माणसाला चांगले समजून पुष्कळदा फसलेले परवडले, पण चांगल्या माणसाला वाईट समजून क्वचित चुकणे नको. कारण पहिल्या चुकीत कोणाचे नुकसान होत नाही, दुसऱ्या चुकीत समोरच्यावर अन्याय होतो.

जिभेवरून ओळख

त्या फेरीवाल्याविरुद्ध पुरावा काय होता? त्याची बोली. मी त्या तरुणांपैकी एकाला विचारले, तेव्हा तो म्हणाला, फादर, तो बोलतो तसाच.

पवित्र शास्त्रात बोलीवरून माणूस ओळखण्याच्या दोन कथा आहेत आणि दोन्ही भयंकर आहेत. पहिली शास्ते या पुस्तकातील. इफ्ताहच्या लोकांनी यार्देन नदीचे उतार अडवले. पळून जाणारा कोणी आला की त्याला शिब्बोलेथ हा शब्द म्हणायला लावत. ज्यांच्या तोंडून 'श'च्या जागी 'स' निघे त्यांना तिथेच मारत. शास्त्रात मेलेल्यांचा आकडा बेचाळीस हजार दिला आहे. ते परके नव्हते. तेही इस्राएलच होते, फक्त दुसऱ्या वंशाचे होते. दुसरी कथा महायाजकाच्या अंगणातील. पेत्र शेकोटीजवळ उभा असतो आणि भोवतालचे लोक त्याला म्हणतात की तुझी बोलीच तुला उघडे पाडते आहे. पेत्र गालीलचा होता. भीतीने त्याने प्रभूलाच नाकारले. त्याच्या नाकारण्यावर आपण खूप उपदेश करतो. पण केवळ जिभेवरून त्याला घेरणाऱ्यांवर कोणी उपदेश केलेला मी ऐकला नाही, मी स्वतःही केलेला नाही.

आपण झाडीपट्टीतली माणसे. आपल्याकडे 'पाणी'चे 'पानी' होते, कितीतरी आजीबाईंच्या तोंडी 'शेत'चे 'सेत' होते. यार्देनच्या उतारावर आपल्यातले किती वाचले असते? दर वर्षी आपल्या दोन्ही जिल्ह्यांतून शेकडो माणसे मिरची तोडायला तेलंगणात जातात. तिथे आपली बोली परकी असते. तिथल्या एखाद्या चौकात चार जणांनी अडवले, तर खिशात आधार कार्डापलीकडे आपल्या माणसाजवळ काय असते?

२०२५ मध्ये काय घडले

मे २०२५ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने राज्यांना सूचना दिल्या की बांगलादेश किंवा म्यानमारमधून बेकायदा आल्याचा संशय असलेली व्यक्ती आपण भारतीय असल्याचे सांगत असेल, तर तिच्या मूळ राज्याने ३० दिवसांत पडताळणी करून कळवावे. म्हणजे आधी पडताळणी, नंतर पाठवणी. कागदावर हे ठीकच आहे. पण जूनमध्ये आपल्याच महाराष्ट्रात, मुंबईजवळच्या मिरा रोड भागातून, पश्चिम बंगालच्या मुर्शिदाबाद भागातील बांधकाम मजुराला पकडले गेले आणि काही दिवसांत त्याला सीमेपलीकडे ढकलून देण्यात आले. असे इतरही काही मजूर होते. पश्चिम बंगाल सरकारने त्यांचे कागद पुढे केले, दोन्ही देशांच्या सीमा दलांत बोलणे झाले आणि ते परत आले. ते भारतीय होते. त्यांच्या घरच्यांनी कागद पाठवले होते, पण ते कोणी बघायच्या आत माणूस पलीकडे गेला होता.

त्याच महिन्यात दिल्लीतून बीरभूम जिल्ह्यातील एका गरोदर बाईला, तिच्या नवऱ्याला आणि आठ वर्षांच्या मुलाला असेच पलीकडे पाठवले गेले. बांगलादेशात त्यांना बेकायदा घुसखोर म्हणून तुरुंगात टाकले. इकडे बांगलादेशी, तिकडे भारतीय. २६ सप्टेंबर २०२५ रोजी कोलकाता उच्च न्यायालयाने ती पाठवणी रद्द केली आणि अधिकाऱ्यांनी केलेल्या घाईवर कडक ताशेरे ओढले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती बाई मुलाला घेऊन मायदेशी परतली. तेव्हा तिचे दिवस भरत आले होते. पोटातल्या बाळाचे कितीतरी महिने घरापासून दूर, परमुलखात गेले.

घाई हा शब्द मला पुन्हा पवित्र शुक्रवाराकडे नेतो.

पौल आणि येशू

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात एक प्रसंग आहे. यरुशलेमेत दंगा झाला, रोमन शिपायांनी संत पौलाला पकडले आणि चाबकाचे फटके मारून त्याच्याकडून सत्य वदवून घ्यायचे ठरवले. त्याला वाद्यांनी बांधत असताना पौलाने शताधिपतीला विचारले की रोमन नागरिकाला चौकशीशिवाय फटके मारणे कायद्यात बसते का? शताधिपती घाबरला आणि सरदाराकडे धावला. सरदारही घाबरला. त्याने स्वतः पुष्कळ पैसे मोजून नागरिकत्व मिळवले होते, पौल तर जन्मानेच नागरिक होता. फटके थांबले. पौलाने कोणता दाखला दाखवल्याचा उल्लेख तिथे नाही. त्याच्या तोंडच्या शब्दावर हात थांबला. खरे-खोटे नंतर पाहता येईल, फटका मात्र परत घेता येणार नाही, इतकी अक्कल त्या रोमन शिपायाला होती. पुढे फेस्त नावाच्या अधिकाऱ्यानेही राजाला सांगितले की आरोपीला आरोप करणाऱ्यांसमोर उभे राहून आपली बाजू मांडू न देता कोणाच्या हवाली करण्याची रोमनांची रीत नाही.

आता याच रोमन राज्यात काही वर्षे आधी, याच शहरात, दुसरा एक माणूस पिलातासमोर उभा होता. त्याच्यावरचे साक्षीदार खोटे होते आणि त्यांच्या साक्षी एकमेकींशी जुळत नव्हत्या. पिलाताने स्वतः सांगितले की मला याच्यात दोष आढळत नाही, तरी त्याला फटके मारवले. पौलाला जे संरक्षण एका वाक्याने मिळाले ते येशूला का मिळाले नाही? उत्तर अगदी साधे आहे. येशू रोमन नागरिक नव्हता. तो जिंकलेल्या मुलखातला, नासरेथचा सुतार होता. त्याच्याजवळ कागद नव्हता.

चौकशी, वकील, सुनावणी हे सगळे नागरिकांसाठी आहे, घुसखोराला कसले आले हक्क, असे जेव्हा आपण चहाच्या टपरीवर बोलतो, तेव्हा आपण पौलाची बाजू घेतो आणि प्रभूला सोडून देतो. मला हे वाक्य लिहिताना जड गेले, पण ते खोडता आले नाही.

येशूच्या बाजूने सभेत एकच माणूस बोलला होता, निकदेम. एखाद्याचे आधी ऐकून घेतल्याशिवाय आपला नियम त्याला दोषी ठरवतो काय, एवढेच त्याने विचारले. त्यावर बाकीच्यांनी काय उत्तर दिले? तूही गालीलचाच की काय, असे त्यालाच विचारले. प्रश्नाला उत्तर नसले की विचारणाऱ्याचा जिल्हा विचारायचा, ही पद्धत बरीच जुनी आहे.

आपला कायदा काय म्हणतो

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर चांद्याला आले होते, नागपूरनंतर दोनच दिवसांनी त्यांनी इथे दीक्षा दिली. दर वर्षी त्या दिवशी दीक्षाभूमीवर जमणारी गर्दी आपण पाहतो. ज्या संविधानाच्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष होते, त्यात शब्द फार जपून वापरले आहेत. भाषणस्वातंत्र्यासारखे काही हक्क नागरिकांना दिले आहेत. पण अनुच्छेद १४ मधील समानता आणि अनुच्छेद २१ मधील जीवित व स्वातंत्र्य यांसाठी शब्द आहे 'व्यक्ती'. अटक झाली तर कारण सांगणे, वकिलाला भेटू देणे, २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर उभे करणे, हे अनुच्छेद २२ सांगतो, आणि शत्रुदेशाचा माणूस व स्थानबद्धता हे अपवाद सोडले तर तिथेही नागरिक आणि परका असा भेद नाही. १९९६ साली अरुणाचल प्रदेशातील चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की माणूस नागरिक असो वा नसो, त्याच्या जीविताचे रक्षण करणे राज्याचे कर्तव्य आहे. लेवीय या पुस्तकातही देव मोशेला हेच सांगतो, देशीय आणि उपरा यांना नियम एकच.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन आणि परदेशी नागरिकांविषयीचा नवा कायदा लागू झाला आणि १९४६ चा जुना कायदा गेला. पण जुन्यातली एक गोष्ट नव्यातही आहे. परदेशी असल्याचा प्रश्न निघाला तर मी परदेशी नाही हे सिद्ध करण्याचा भार त्या माणसावरच असतो. चोरीच्या खटल्यात आरोप करणाऱ्याला सिद्ध करावे लागते, इथे उलटे आहे. म्हणूनच ११ जुलै २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की मनात आले म्हणून कोणालाही परदेशी म्हणता येणार नाही, संशयाला काहीतरी आधार हवा. तो निकाल आसाममधील ज्या माणसाविषयी होता, त्याच्या कागदांवर नावांचे स्पेलिंग आणि तारखा थोड्या वेगवेगळ्या होत्या. न्यायालयाने त्याला भारतीय ठरवले. पण त्याला जाऊन तेव्हा अडीच वर्षे झाली होती.

हे वाचले आणि मी उठून आपले स्नानसंस्काराचे जुने रजिस्टर उघडले. एकाच घरातल्या चार भावंडांचे मडावी हे आडनाव रोमन लिपीत तीन प्रकारे लिहिलेले सापडले. एका ठिकाणी बापाचे नाव घरचे टोपणनाव आहे. जुन्या फादरांनी जसे कानावर पडले तसे लिहिले. माझ्या हाताच्या नोंदीही तपासल्या. दोन वर्षांपूर्वी मी दिलेल्या एका दाखल्यात जन्मवर्ष चुकले आहे. त्या घरच्यांना मी बोलावून घेतले, चहा पाजला, नवा दाखला दिला. ते हसले. मला हसू आले नाही.

आपल्या जंगलातली गोष्ट

परका कोण, हे ठरवायला आपल्याला सीमेपर्यंत जावे लागत नाही. चंद्रपुरात आपण रोज 'बंगाली कॅम्प'च्या चौकातून ऑटो पकडतो. ते नाव का पडले? फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून हाकलले गेलेले लोक सरकारने १९६० आणि १९७० च्या दशकांत या भागात आणून वसवले. मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांत सुंदरनगर, विवेकानंदपूर अशी त्यांची गावे आहेत. गडचिरोली जिल्हा झाला १९८२ साली, म्हणजे ती माणसे जिल्ह्याआधीची आहेत. त्यांनी धान पिकवला, तळ्यांत मासे वाढवले, आपल्या आठवडी बाजारात त्यांच्याशिवाय मासोळी मिळत नाही. त्यांची नातवंडे आपल्यासारखीच मराठी बोलतात आणि घरी बंगाली बोलतात. व्हॉट्सॲपवरचा तो फोटो सुंदरनगरच्या एखाद्या आजोबांनी पाहिला असेल तर त्यांना काय वाटले असेल? एकदा घर सोडून आलेल्या माणसाला कागदाची पिशवी उशाशी घेऊन झोपायची सवय लागलेली असते.

आणि कागदाअभावी जमिनीवरून उठवण्याची भीती बंगाली माणसालाच आहे असेही नाही. २००६ च्या वन हक्क कायद्याने आदिवासी नसलेल्या वननिवासींना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, वास दाखवायला सांगितले. कितीतरी दावे तिथेच अडले. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना जंगलातून हटवण्याचा आदेश दिला. त्यात आदिवासीही होते. त्या दोन आठवड्यांत आपल्या दोन्ही जिल्ह्यांत किती घरांत चूल नीट पेटली नसेल! २८ फेब्रुवारीला न्यायालयाने आपला आदेश थांबवला आणि राज्यांना विचारले की दावे फेटाळताना तुम्ही कोणती पद्धत पाळली? माणसाला त्याचे म्हणणे मांडू दिले का?

या कायद्यातली दोन कलमे मला फार आवडतात. एक म्हणजे दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कोणाला उठवायचे नाही. आणि दुसरे, नियमांत पुरावा म्हणून गावातल्या वडीलधाऱ्या माणसाचा लेखी जबाबही चालतो. ज्याच्याजवळ कागद नाही त्याच्यासाठी म्हाताऱ्याची आठवण उभी राहते. दिल्ली-मुंबईच्या लोकांनी हे आपल्या जंगलातून शिकायला हरकत नाही.

आपले नाव यादीत आहे

काही जण मला म्हणतील, फादर, आपण कशाला घाबरायचे? आपण तर यादीत आहोत. खरे आहे. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या सहा धर्मांच्या लोकांचा समावेश आहे आणि त्यांत ख्रिस्ती आहेत. १ सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने अशा लोकांना ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आले असले तरी कागदाअभावी होणाऱ्या कारवाईतून सूट दिली आहे. छळ होऊन आलेल्या कोणालाही आसरा मिळाला तर मला आनंदच आहे. पण आपले नाव यादीत आहे म्हणून यादीबाहेरच्याचे ऐकून घेण्याची गरज संपते का?

आणि यादीचा भरवसा किती? २५ जुलै २०२५ रोजी दुर्गच्या रेल्वे स्थानकावर दोन धर्मभगिनी आणि एक आदिवासी तरुण यांना अटक झाली. त्यांच्यासोबत नारायणपूर जिल्ह्यातल्या, म्हणजे आपल्या गडचिरोलीला लागून असलेल्या जिल्ह्यातल्या, तीन तरुणी होत्या. आम्ही स्वखुशीने कामाला जात आहोत असे त्यांचे म्हणणे होते. फलाटावर जमलेल्या घोळक्याने आधीच निवाडा केला होता. २ ऑगस्टला त्यांना जामीन मिळाला. त्या आठवड्यात आपण चर्चमध्ये रोजरी म्हटली, तुमच्यापैकी कितीजणींच्या डोळ्यांत पाणी होते. बहिणींचे ऐकून तरी घ्यायला हवे होते, असे तेव्हा आपण सगळेच म्हणत होतो.

त्याआधी, ५ फेब्रुवारी २०२५ रोजी, अमेरिकेने १०४ भारतीयांना लष्करी विमानातून बेड्या घालून अमृतसरला आणून सोडले. त्यांत महाराष्ट्रातले तिघे होते. ते बेकायदा गेले असतील, परत पाठवण्याचा त्या देशाला अधिकारही असेल. तरी हातापायांतल्या बेड्या पाहून आपल्याला राग आला आणि तो योग्य होता. पाच दिवसांनी पोप फ्रान्सिस यांनी अमेरिकेतील बिशपांना पत्र लिहून, केवळ कागद नाहीत म्हणून माणसाला गुन्हेगार समजण्याविरुद्ध इशारा दिला. ते पत्र आपल्यालाही वाचता येते.

देशाने सीमा राखू नयेत असे ख्रिस्तसभा म्हणत नाही. धर्मशिक्षणाच्या ग्रंथात राज्याला स्थलांतरावर अटी घालण्याचा अधिकार मान्य केला आहे आणि येणाऱ्यानेही त्या देशाचे कायदे पाळावेत असे सांगितले आहे. आपल्या धर्मग्रामात पोलीस खात्यातली कुटुंबे आहेत, त्यांचे काम किती कठीण आहे हे मी जवळून पाहतो. पण तपास करणे हे त्यांचे काम आहे, आपले नव्हे, आणि त्यांच्या तपासालाही पायऱ्या आहेत. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली मानवी प्रतिष्ठेला काळिमा फासणाऱ्या गोष्टींची यादी केली, तिच्यात मनमानी तुरुंगवास आणि हद्दपारी यांची नावे आहेत. खरोखर परदेशातून आलेला असेल त्यालाही परत पाठवण्याआधी ऐकून घेणे, दुभाषा देणे, वकील देणे, त्याच्या लेकराला त्याच्यापासून न तोडणे, एवढे तर करता येते.

आता कामाचे थोडे. कोणाला पोलिसांनी नेले असे कळले, तर अफवा पुढे पाठवण्याऐवजी तीन गोष्टी लिहून ठेवा: वेळ, जागा, कोणत्या ठाण्यात नेले. घरच्यांना कळवले जाणे हा त्या माणसाचा हक्क आहे. कोठडीत असलेल्या कोणालाही मोफत वकील मिळतो. त्यासाठी चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही ठिकाणी जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे, दूरध्वनी १५१००. पुढील चार शनिवारी दुपारी चार ते सहा या वेळात मी चर्च ऑफिसात बसेन. आपापले दाखले आणि आधार घेऊन या, रजिस्टरशी नावे ताडून पाहू. शेजारी ख्रिस्ती नसले तरी त्यांनाही घेऊन या, अर्ज लिहून द्यायला आपले दोन शिक्षक मदत करणार आहेत.

ग्रुपवर अनोळखी माणसाचा फोटो टाकायचा नाही, हे मी काल तिथेही लिहिले आहे. फोटो टाकणारा मुलगा मला येऊन भेटला. आमचे बोलणे आमच्यातच राहू द्या.

आणखी एक. गेल्या बुधवारी आपल्या धर्मग्रामातील एक आजी काठी टेकत ऑफिसात आल्या. त्या फेरीवाल्याकडून त्यांनी हप्त्याने चादर घेतली होती, दीडशे रुपये द्यायचे राहिले होते. तो येईना म्हणून त्यांनी पैसे माझ्याकडे ठेवायला दिले. तो परदेशी आहे म्हणतात, असे मी म्हटले. त्यावर त्या म्हणाल्या, असेल बापा, पन पैसे तं त्याचेच हायेत ना. पाकीट ऑफिसच्या कपाटात आहे. त्याचा पत्ता किंवा फोन नंबर कोणाजवळ असल्यास कृपया कळवावे.

आपला ख्रिस्तामध्ये,
प्रमुख धर्मगुरू